तुमच्या बोटीची वायरिंग बदलली

पायलचे बाबा,

आज दुपारी बोट सुरू झाली. तुम्ही गेल्यापासून ती काठावर बेशरमाच्या झुडपांत बांधून पडली होती. गावात सगळ्यांना कळलं. पायललाही गोंदियाला फोन केला, तिच्या नर्सिंगच्या कॉलेजात. राहिलात तुम्ही. म्हणून लिहायला बसले.

आधीच सांगते, बोट तुम्हाला ओळखू येणार नाही. आतलं जवळपास सगळं काढून टाकलं. रागावलात? रागवा. मीही वर्षभर तुमच्यावर रागावून आहे.

त्या दिवसाचं तुम्हाला किती आठवतं मला माहीत नाही. जेवून उठलात आणि छातीत दुखतं म्हणालात. अंगाला घाम सुटला होता. जंगलातून फिरून अर्जुनीच्या दवाखान्यात जायला अर्धा दिवस जातो, धरणातून बोटीने लगेच पलीकडे, असं तुम्हीच लोकांना सांगत होतात ना? म्हणून तुमच्या भावाने, गुणाभाऊजींनी, आणि मी तुम्हाला बोटीत आणून फळीवर निजवलं. पण बोटीला चालू करायचं बटणच नव्हतं! ते कधीचं जळलेलं. तुम्ही बटणांच्या पाटीखालून दोन उघड्या वायर ओढून एकमेकींना टेकवत होतात आणि इंजिन सुरू होत होतं. कोणत्या दोन? सगळ्यांना सारखीच काळी टेप. मी विचारलं, "कोणती कोणाले लावू? सांगा ना!" तुमचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

मी लावून पाहिलं. मोठी ठिणगी उडाली, जळका वास आला आणि सगळं बंद पडलं. मग गुणाभाऊजींनी डोंगा आणला आणि वल्हवत नेलं. वारा समोरून होता. अर्ध्या पाण्यात तुमच्या हाताची पकड सुटली.

लवकर आणलं असतं तर वाचले असते का, म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. तेवढंच. मी ते मान्य केलं आहे. पण माणूस मान्य करतो आणि तरी रात्रंदिवस तेच घोळवतो, त्याला काय करायचं?

या उन्हाळ्यात भाऊजी म्हणाले, "वहिनी, बोट भंगारात देऊन टाकू. कायले ठेवून राहिली? पाहून तुले त्रासच होते."

मी म्हटलं, "त्रास बोटीचा नाही, वायरीचा आहे. वायर काढू."

दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वतःच अर्जुनीला जाऊन ट्रॅक्टरची वायरिंग करणारा मिस्त्री घेऊन आले. सलीम नाव त्याचं. पाटी उघडून त्याने आत टॉर्च मारला आणि कपाळाला हात लावला. "भाभी, ये तो पूरा निकालना पडेगा. इसमें रखने लायक कुछ नहीं."

"मग काढा," मी म्हटलं.

काढा म्हणणं सोपं होतं! तुम्ही काय काय करून ठेवलं होतं हो? एकाही स्क्रूला खाच उरली नव्हती, पेचकस नुसता घसरत होता. टपावरच्या दिव्याचे बोल्ट गंजून पत्र्याशी एक झालेले. त्यांच्यावर डिझेल आणि घासलेट ओतून ठेवलं, मग हातोडीने ठोकलं, तरी हलले नाहीत. शेवटी छिन्नीने तोडले. आणि बॅटरीच्या पेटीचा बोल्ट? तो ढिला होतो म्हणून तुम्ही वरून वेल्डिंगच मारून टाकलं होतं! सलीमने ग्राइंडरने कापता कापता विचारलं, "भैय्या को खोलना नहीं था क्या कभी?" भाऊजी हसले. मलाही हसू आलं. त्या बोटीत बसून हसू येईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या टोकाला दोर बांधायची जी कडी होती, ती निघाली तेव्हा तिच्याबरोबर पत्र्याचा तुकडाच निघून आला. मागून सगळा सडला होता. बोट काठावर होती म्हणून बरं. तिथे नवा पत्रा जोडला, मग नवी कडी बसवली.

वायर मात्र मी ओढून काढली. इंजिनच्या बाजूच्या सांदीत सलीमचा हात जात नव्हता, माझा जात होता. टेपवर टेप, तिच्यावर आणखी टेप, मध्येच एक तुकडा घरातल्या वायरीचा, एक आपल्या जुन्या रेडिओचा. प्रत्येक जोड पाहिला की वाटायचं, हा पावसात केला असेल, हा घाईत, पलीकडून कोणी हाक मारत असताना. कोणाला थांबा म्हणणं तुम्हाला कधी जमलं नाही. वायरीलाही नाही!

आणि मग तो तुकडा हाती आला. डिझेलच्या नळीला चिकटून गेलेली वायर, वरचं प्लास्टिक वितळून आतली तार उघडी पडलेली. सलीमने ती बोटांत धरून मला दाखवली, "एक चिंगारी, और पूरी बोट जल जाती." आपल्या इकडच्या प्रतापगडच्या शिवरात्रीच्या जत्रेला तुम्ही याच बोटीत माणसं भरून नेलीत. लेकरं, म्हाताऱ्या, कडेवरची पोरं. पायल तर इंजिनजवळच बसायची, तिथे ऊब असते म्हणून. तुम्हाला ठाऊक होतं का हे? ठाऊक नसेल असंच मी धरून चालते. दुसरं धरून चालता येत नाही.

त्या संध्याकाळी मी तुमच्याशी भांडले. मोठ्याने, एकटीच, काठावर उभी राहून. तुमच्या आईने घरून ऐकलं असणार, पण विचारलं नाही.

नवी वायर घातली. प्रत्येक कामाला वेगळा रंग, सगळी पाइपातून, कुठेही जोड नाही. पाटीवर नवी बटणं आणि त्यांच्याखाली मी रंगाने लिहिलं: लाईट, भोंगा, पंप. चालू करायला एक किल्ली. सगळ्या बोटीला निळा रंगही दिला. चांगला दिसतो.

आज दुपारी बोट पाण्यात ढकलली आणि किल्ली फिरवली. काहीच नाही! टकसुद्धा वाजलं नाही. भाऊजी हळूच म्हणाले, "मी सांगून राहिलो होतो, तिचं नशीबच तसं आहे." सलीम मात्र पोटावर पालथा पडून आत डोकावला आणि ओरडला, "भाभी, रंग किसने मारा?" मीच मारला होता. बॅटरीची एक वायर जिथे लोखंडाला जोडतात तिथेही मी रंग लावून ठेवला होता, मग वीज जाणार कशी? त्याने रंग खरवडला, वायर पुन्हा कसली. मी किल्ली फिरवली.

तो आवाज वर्षभरानंतर ऐकला. पाणी थरथरलं, धूर निघाला. भाऊजी तोंड फिरवून धरणाकडे पाहत राहिले. काठावर टोल्यातली सगळी वस्ती गोळा झाली.

मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "आता एकेकानं या. प्रत्येकानं चालू करून दाखवा."

"काऊन वं? आमाले का बोट चालवायची आहे?" शेजारची मंदा म्हणाली.

"चालवायची नसन तरी. चालू करता आली पाहिजे."

मग आले सगळे. मंदाने किल्ली उलटी फिरवली आणि घाबरून सोडली. दुसऱ्यांदा जमलं. भोंगा तर सगळ्यांनीच वाजवला. शेवटी तुमची आई राहिली. नाही नाही म्हणत होती, मी हात धरून आणली. तिने पदराला हात पुसले, किल्ली धरली, डोळे मिटून फिरवली. इंजिन एका फटक्यात सुरू झालं.

तिने डोळे उघडले. किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढंच होतं का वं?" ती म्हणाली.

इंजिन चालूच होतं. मग मी तिला फळीवर बसवलं, दोर सोडला आणि आम्ही दोघी पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो. जाताना नाही, येताना ती रडली. बोट मी चालवली. वळवताना अजून चुकते, पण येईल.

पायलचे बाबा, राग अजून पुरता गेलेला नाही, खोटं कशाला सांगू? पण एक वचन देते. या बोटीतली एकही गोष्ट यापुढे एकट्या माणसाला माहीत राहणार नाही. काय कुठे आहे आणि कसं चालतं, ते मी सगळ्यांना दाखवीन, कोणी विचारो न विचारो. पायल पोळ्याला आली की तिलाही.

तुमचीच,
पायलची आई