मुहूर्ताची गाडी

२ मे, शुक्रवार
ऑडिटच्या राऊत मॅडम नागपूरहून आल्या. तरुण पोरगी, आवाज चढवत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते. ताळेबंद पाहून झाला, ताळेबंदाखालच्या टिपांवर आल्या, सेलूच्या टिपेवर बोट ठेवलं. "सर, ही चाचणी केल्याचा कागद द्याल?" म्हटलं, देतो.
कागद नाही. कधीच नव्हता. तीन वर्षं मागच्या सालची टीप उचलतो, साल बदलतो, सही करतो.
जेवण गेलं नाही. सु.ला सांगितलं, ऊन लागलं.

३ मे
सु. काही सोडेना, शेवटी बायकोसमोर तोंड उघडावंच लागलं. सेलूची कापसाची जिनिंग आमच्या कंपनीनं घेतली तेव्हा जमीन-यंत्रांच्या किमतीवर जास्तीचे मोजले, ते तिथल्या नावाचे. हिशेबात गुडविल. चाचणी म्हणजे दरवर्षी पाहायचं, नाव अजून तेवढ्याचं आहे का. घसरलं असेल तर तोटा दाखवायचा, आणि कशावरून ठरवलं ते भागधारकांना उघड सांगायचं. मी लिहिलंय: तपासलं, घट नाही. खाली वित्त अधिकारी म्हणून माझी सही.
सु. म्हणाली, "मंग आता तपासून घ्या ना." एवढं साधं मला तीन वर्षांत सुचलं नाही.

६ मे, मंगळवार
सेलूला गेलो. एसटीनं. कंपनीची गाडी मागितली असती तर मालकांना, म्हणजे भाऊसाहेबांना, कळलं असतं. हंगाम संपलेला, आवारात चौकीदार आणि दोन कुत्री. वजनकाट्याची वही चाळली. पूर्वी एका दिवसाला दोन-तीन पानं लागायची, यंदा एका पानात आठवडा.
तिथून नामदेवरावांकडे. तिथले जुने ग्रेडर. कापसात हात घालून प्रत सांगायचे. आम्ही ओलावा मोजायचं मशीन आणलं आणि त्यांना घरी बसवलं. आता पलीकडच्या जिनिंगवर बसतात. चहा पाजला, राग नाही. म्हणाले, "साहेब, कास्तकार मले शिव्या देऊन जाये अन् दुसऱ्या दिवशी मह्याकडंच येये. मशीनले शिव्या देऊन काय करन तो?"
म्हणजे सेलूचं नाव हा माणूस होता, आणि तो आम्हीच काढून टाकला. हे टिपेत लिहायचं कसं?

९ मे
भाऊसाहेबांना सांगितलं. हसले. "नितीनभाऊ, तुमाले एवढं भेव काऊन लागून राह्यलं? कागदच पायजे ना, बनवून द्या. तारीख मार्चची टाका. पुढच्या साली कापूस डबल येते म्हणून लिहा. पुढच्या सालाले कोण खोटं म्हणते?" मग हसणं थांबलं. "तोटा दाखवला तर बँक पहिले सेलूले कुलूप लावन. मंग तिथली माणसं तुमी पोसजा."
कागद बनवायला बसलो. आकडे छान जमले. तारखेची जागा तेवढी कोरी आहे.

१३ मे
फोन वाजला की दचकतो. दंड, चौकशी, पेपरात नाव. सु.चा भाऊ पेपर वाचतो, शेजारचे वाचतात. आज बाहेर जीप थांबली तर खिडकीचा पडदा लावून घेतला. कुरियरवाला होता.

१९ मे, सोमवार
वार्षिक अहवालाची कच्ची प्रत आली. मधल्या पानावर फोटो, मी काढलेला. सेलूचा दसऱ्याचा मुहूर्त. कापसाची पहिली गाडी आणणाऱ्या कास्तकाराला शेला-नारळ द्यायचा, मग काटा सुरू करायचा, ही तिथली जुनी पद्धत. यंदा अकरा वाजले तरी एक गाडी नाही. भटजी घड्याळ पाहू लागले. भाऊसाहेबांनी वर्ध्याच्या गोदामातला आपलाच कापूस ट्रॉलीत भरून मागवला. हार घातला आपल्याच ड्रायव्हरला, गणपतला. फोटोखाली छापलंय: सेलूच्या कास्तकारांचा विश्वास कायम.
मॅडमना फोटो फार आवडला. "तुमच्या टिपेला आधार होईल. तीस तारखेला, संचालकांच्या बैठकीआधी, या शेतकरीदादांना बोलवाल? दोन मिनिटं बोलीन."
बरं म्हणालो.

२४ मे
दुसरी टीप लिहिली. खरी. आवक घटली, ग्रेडर गेला, नावाची किंमत उरली नाही, तोटा एवढा, मागल्या तीन वर्षांत चाचणी केली नव्हती. शेवटचं वाक्य दोनदा खोडलं, दोनदा लिहिलं. ही दिली तर नोकरी जाते. पहिली दिली तर काय काय जातं ते मोजवत नाही. दोन्ही एकाच फायलीत ठेवल्या, पहिलीला तो कोऱ्या तारखेचा कागद जोडून.

२९ मे
भाऊसाहेबांनी गणपतला पढवलं: नाव हेच सांगजो, धंदा शेती, पंधरा वर्षं कापूस आपल्याकडंच. मी तिथेच उभा होतो. भित्रा आहे मी, दुसरं काय.

३० मे, शुक्रवार
सकाळी ऑफिसात. बाकावर बसून लिहितोय. आत बैठकीची तयारी, मॅडम शेजारच्या खोलीत. गणपत माझ्या बाजूला, धुतलेला पांढरा सदरा, कपाळावर घाम. हळूच म्हणाला, "साहेब, त्या बाईनं लिहून घेतलं तर मले पोलीस धरन काय?"
म्हटलं, तू कशाला घाबरतोस.
"फोटोच्या टायमाले तुमीच म्हणलतं ना, गणपत, जरा हासजो. मी हासलो. आता सांगा, काय सांगू?"
त्याला दोन पोरी आहेत. खोटं माझ्या टिपेतलं, आणि ते आता हा माणूस बोलणार.
म्हणालो, "खरं सांगजो. ड्रायव्हर आहे म्हण."
त्यानं सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. "अन् तुमी?"
मॅडमनी त्याला आत बोलावलं. गेला. दार लागलं. फाईल मांडीवर आहे, दोन्ही टिपा आत. पुढचा नंबर माझा.