जावयाचा घसा

१८ मे
अधिक महिना लागला. धोंड्याचं आवतण आलं. सात जूनला उदगीर, दोन्ही जावई. म्हणजे साडू मल्लिनाथ पण. मागच्या खेपेला माझ्यापेक्षा एक धोंडा जास्त खाल्ला त्यानं. यंदा त्याला हरवायचंच. गुडघ्याची गोळी पडल्या पडल्या कोरडीच गिळली. पाणी लेकरांना लागतं.

२१ मे
गिळताना छातीच्या वर टोचून राहिलंय. नांदेडचं ऊन, दुसरं काय! उज्वलाचं म्हणणं, गोळी पाण्यासंग घ्या, अडकून राहिली असंल. बायकांना सल्ले फार. घसा दुखतो म्हणून आणखी एक गोळी घेतली. कोरडीच.

२४ मे
हळददूध, मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध. ऑफिसातल्या साहेबरावांचा काढा. काही फरक नाही. भाकरी उतरंना. धोंड्यांसाठी रोज दोन घास जास्त खायची प्रॅक्टिस मात्र सोडायची नाही.

२७ मे
डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कशा घेता? म्हणालो, तांब्याभर पाण्यानं. हिनं तिथंच सांगितलं, खोटं बोलून राहिलेत. निदान: गोळी चिकटून अन्ननलिकेत जखम. ती गोळी बंद, पातळ औषध, मऊ जेवण. फरक नाही पडला तर दुर्बीण घालून बघू, म्हणे. दुर्बिणीचं नाव काढताच गुडघासुद्धा गप्प. पोरगेला डॉक्टर आहे. अनुभव कमी.

३१ मे
गुडघा ठणकला. एकच गोळी घेतली, गुपचूप. पाण्याला उठायचा कंटाळा. सकाळी थुंकी गिळताना आई आठवली. हिला सांगितलं, ढेकर अडकली.

४ जून
पेज. परत पेज. थकलो बुवा. ही म्हणाली, आईला फोन करते, धोंडे पुढं ढकलू. खबरदार म्हणालो! मल्लिनाथ हसंल. ऐन वेळी तुपानं घसा मोकळा होतोच.

७ जून, उदगीर
पहिल्याच घासाला डोळ्यांपुढं काजवे. ताट तसंच राहिलं. मल्लिनाथनं जेवण थांबवून पाठीवर हात ठेवला, काय होतंय भाऊ, म्हणाला. उज्वलानं सगळं सांगून टाकलं, शर्यतीसकट. तो म्हणाला, कसली शर्यत? मागच्या वेळी तो शेवटचा धोंडा त्यानं सासूबाईंच्या आग्रहाखातर, नको नको म्हणत खाल्ला होता. त्याच्या ध्यानात पण नव्हतं. तीन वर्षं मी एकटाच लढून राहिलो.

सासूबाई म्हणाल्या, जेवायला आलाव का कुस्ती खेळायला, बाबा? मग धोंडा गार दुधात कुस्करून वाटीत दिला. लई लाज वाटली. तरी खाल्ला, हळूहळू, सगळा. उतरला. भूक तशीच होती, पण आणखी मागायचं तोंड राहिलं नव्हतं.