एक ते चार बंद

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

आज जेवणानंतर पुन्हा तेच. तीन वाजता स्क्रीनवरची अक्षरं पोहायला लागली, म्हणून ऑफिसातल्या विश्रांतीच्या खोलीत वीस मिनिटं झोपून घेतलं. खराडीतल्या आयटी ऑफिसांत याला सोय म्हणतात. बाबांच्या झोपेला मी आळस म्हटलं होतं.

त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर ‘१ ते ४ बंद’ अशी पाटी होती. लोक हसतात, गिऱ्हाईक जातं, असं गेल्या वर्षी मीच ऐकवलं. मला कुणी विचारलं होतं? बाबांनी पाटी उतरवली आणि ते दुपारीही दुकान उघडं ठेवू लागले. मग एका दुपारी पेंगत असताना त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाचं जुनं घड्याळ पडलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आज घरी आल्यावर माळ्यावरून पाटी काढली, पुसली आणि त्यांच्यासमोर ठेवली. ऑफिसात झोपले तेही सांगून टाकलं.

“उद्यापासून परत लावा ना, बाबा.”

“राहू दे. आता दुपारी आडवं झालं तरी डोळा लागत नाही. ते घड्याळ पडल्याचा आवाज येतो.” मग म्हणाले, “तुला लागली ना झोप? बरं झालं.”

टोमणा असता तर सोसला असता.