तीन आकड्यांतला पहिला

चि. धाकटीस, ताईचे आशीर्वाद.

माझी प्रकृती उत्तम आहे आणि जेवण वेळेवर होते. आईचा गुडघा कसा आहे? तिला जिना चढू देऊ नकोस, कितीही ओरडली तरी.

इथे एका दवाखान्याच्या तळघराचे छत नव्याने घालतो आहोत. कामाला किती वेळ आणि किती माणसे लागतील, हा अंदाज माझा. मी नेहमी तीन आकडे देते: सगळे सुरळीत गेले तर, नेहमीसारखे गेले तर आणि अडचणी आल्या तर. साहेबांनी पहिला तेवढा वाचला आणि दवाखान्याला तारीख देऊन मोकळे झाले.

मग अडचणी आल्याच. आता तारीख गाठायची म्हणून छताखालचे टेकू उद्याच काढायचे आहेत. मिस्त्री म्हणाला, "बाई, छत अजून कच्चं आहे. माझी माणसं नाही म्हणाली, तर साहेब दुसरी आणतील."

मी परवानगीवर सही करायचे नाकारले. साहेब हसले. "आकडा तुमचाच ना, बाई? आता कशाला घाबरता? सही मी करतो."

घाबरले आहेच. डोळे मिटले की ते छत दिसते. म्हणून उद्या सकाळी खुर्ची घेऊन त्या टेकूंमध्येच बसणार आहे. माझ्यासकट छत पाडायची त्यांची छाती होणार नाही, असा माझा अंदाज आहे.

हा अंदाजही पहिल्या आकड्याचाच आहे, धाकटे. आईला यातले काही वाचून दाखवू नकोस.

तुझी,
ताई