हड्डा आणि ढालकिडा

अण्णा,

काल रामनगरला गेले होते, तुम्ही शिकवायचात तेच शिकवायला. वांग्याच्या शेतात पोरांना पानं उलटून दाखवली. दोन भुंगेरे, दोघांच्याही पाठीवर काळे ठिपके. ढालकिडा तकतकीत, पिकावरचा मावा खाणारा, त्याला राहू द्यायचं. हड्डा मळकट, अंगावर बारीक लव, पान खरवडून त्याची जाळी करतो, त्याला वेचायचं. शेताची मालकीण बांधावरून इकडच्या भोजपुरीत म्हणाली, "दुन्नो त एक्कै हौ, मैडम." तिला दोन्ही एकच दिसत होते. पोरं हसली. मीही हसले असेन.

याच शेतांतून थंडीतल्या रविवारी तुम्ही आम्हा दोघी बहिणींना हिंडवायचात. ताई एका नजरेत ओळखायची. मी ठिपक्यांत अडकायची आणि तुम्ही करवादायचात, "अगं, ठिपके काय गिनतेस? आधी पान बघ, कुणी काय खाल्लंय ते." पुढे ताई लग्न करून पुण्याला गेली. किडे माझ्या वाट्याला आले, तुम्हीही.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. मला रडू येत नाही, तेव्हाही आलं नाही. दाढेला सुई दिल्यावर गाल असतो, तसं आहे सगळं. तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात तुम्हाला आपली गल्ली आठवत नव्हती, आई गेल्याचंही आठवत नव्हतं. एकदा मी दोन्ही भुंगेरे बरणीत घालून आणले, उगीच, बघावं म्हणून. तुम्ही बरणी खिडकीशी धरलीत आणि लगेच म्हणालात, "हा हड्डा. बाहेर फेक." मग माझ्याकडे बघितलंत. "ताई, कधी आलीस तू?"

"आजच," मी म्हटलं.

पुढचं मी ताईला सांगितलेलं नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते आहे. मी मऊ भाताचा घास पुढे केला. तुम्ही तोंड फिरवलंत. "धाकटी कुठाय? तिला बोलाव. मी तिच्याच हातचं जेवतो."

"रामनगरला गेलीय, येईल इतक्यात."

तुम्ही दाराकडे बघत बसलात. मीच ती, एवढं म्हणता आलं असतं. पण तिच्याबद्दल तुम्ही आणखी काही बोलाल, या आशेने मी ताईच होऊन बसले, आणि तुम्ही त्या दुपारी उपाशी राहिलात.