बिस्किटची जात आणि माझे चंबूगबाळे

मी, लेलँड ट्रूमन हॅगर्टी, वय सत्त्याहत्तर, धंदा पूर्वी वेल्डिंग आणि कायम कुत्री, राहणार कॉटन फोर्क गावाच्या हद्दीबाहेर, राज्य ओक्लाहोमा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. माझी धाकटी बहीण व्हर्ना हिला हे मान्य नाही, परंतु याबाबत तिचे मत मागवलेले नाही. माझ्या फुप्फुसाचा फोटो पाहून डॉक्टरांनी कामे आवरून घ्यायला सांगितले आहे, म्हणून आवरतो आहे. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझे चाकांवरचे घर, त्याखालची जमीन आणि ट्रक विकून दफनाचा खर्च भागवावा. उरेल ते गावातल्या बेवारस कुत्र्यांच्या आश्रयगृहाला द्यावे. त्या कुत्र्यांना मी आयुष्यभर 'बिनकागदाची', म्हणजे जातीची नोंद नसलेली, म्हणून नाके मुरडली. त्यांनी माझ्याकडे कधी कागद मागितला नाही. वेल्डिंगचे सामान शेजारी हॉलिस बेंडर याला द्यावे. ते तसेही त्याच्याच शेडमध्ये आहे.

२. मला तपकिरी सुटात पुरावे. कुत्र्यांच्या शोच्या रिंगणात कुत्र्याची नजर माझ्यावर राहावी म्हणून मी या सुटाच्या उजव्या खिशात उकडलेली कलेजी ठेवत असे, आणि हात मोकळे नसले तर तोंडात. माझी दिवंगत पत्नी ओपल शोच्या दिवशी मला मुका घेऊ देत नसे. खिशाचा वास अजून गेलेला नाही. शवपेटीमागे कुत्री लागली तर ती मला मान देताहेत, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

३. ज्या परीक्षकाने माझ्या कुत्रीचा एक कान जरा पडका आहे म्हणून तिला दुसरा क्रमांक दिला, त्याला माझा चष्मा द्यावा. माझे चषक व बक्षिसाच्या जांभळ्या फिती हव्या त्याने न्याव्यात. आजवर कोणी मागितलेल्या नाहीत.

४. आता हद्दीबाहेर का राहतो ते. मी आणि व्हर्नाने एकाच कुत्रीची पिल्ले वाटून घेतली होती. मी माझी कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या एका क्लबात पिटबुल म्हणून नोंदवली, तिने तिची दुसऱ्या क्लबात स्टॅफर्डशायर म्हणून. आई तीच, बाप तोच. एवढ्यावरून आम्ही भावंडे थँक्सगिव्हिंगच्या सणाला वेगवेगळ्या घरी टर्की खाऊ लागलो. मी तिच्या कुत्र्यांना 'अत्तर लावलेली' म्हणत असे.

पुढे गावात पिटबुलवर बंदी घालायची सभा भरली. पिटबुल म्हणजे नेमका कोणता कुत्रा, हेच कोणाला सांगता येईना. एक म्हणाला, रुंद डोक्याचा. दुसरा म्हणाला, माझ्या मेव्हण्याचा आहे तसला. शेवटी नगराध्यक्ष ड्युईट पर्सेल कंटाळला.

"व्याख्याच होत नाही, तर बंदी कशावर घालायची? चला घरी, जेवणं थंड होताहेत."

मी गप्प बसलो असतो तर विषय तिथेच मिटला असता. पण लोक कुठल्याही दांडग्या कुत्र्याला पिटबुल म्हणत होते आणि ते मला सहन होईना. मी उठून उभा राहिलो.

"ज्याच्याकडे आमच्या क्लबचा कागद, तोच पिटबुल. बाकीचे सगळे तोतये."

"लिहून देशील?" ड्युईटने विचारले.

"सहीनिशी देतो."

त्याच वाक्याचा त्यांनी कायदा केला. गावात तसे कागद फक्त माझ्याकडे होते. तोतये राहिले, व्हर्नाची कुत्री सोफ्यावर राहिली आणि मी चंबूगबाळे घेऊन हद्दीच्या पाटीपलीकडे आलो. व्हर्ना म्हणते, "गावातून हाकललेला एकुलता एक पिटबुल तूच रे, लेलँड."

५. राहिली बिस्किट. ओपल गेली तेव्हा व्हर्नाने हे पिल्लू माझ्या मांडीवर ठेवले होते. सोबत तिच्या क्लबचा नोंदणीचा कोरा अर्जही दिला होता. मी तो ड्रॉवरमध्ये कोंबला आणि बिस्किटला माझ्या क्लबात पिटबुल करून टाकले. आता मी गेल्यावर तिला सांभाळेल असे माणूस एकच आहे, आणि ते गावात राहते. बिस्किट फटाक्यांना घाबरते आणि माझ्या पायांवर झोपते. गावात पिटबुल म्हणून पकडून तिला पिंजऱ्यात टाकले तर ती खाणे सोडील. या विचाराने मला खोकल्यापेक्षा जास्त जाग येते. म्हणून मी व्हर्नाला फोन केला.

"तो अर्ज अजून चालेल का गं?"

"कुठला अर्ज?" तिला नक्की माहीत होते.

"तुझ्या क्लबचा."

"नाव काय त्या जातीचं? मला नीट ऐकू आलं नाही."

"व्हर्ना, छळू नकोस."

"बरं, राहू दे. विचारते मी त्यांना. जेवलास का?"

क्लबने उशीर चालवून घेतला. माझ्या क्लबातली नोंद मी स्वतः रद्द केली. सबब बिस्किट, मादी, रंग तांबूस, छातीवर पांढरा ठिपका, जात अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, ही मी व्हर्नाला देत आहे. तिने तिला अत्तर लावले तरी माझी हरकत नाही.

६. मला ओपलशेजारी पुरावे. ती दफनभूमी हद्दीच्या आत आहे. ओपलला भेटायला जाताना बिस्किटला मी आजवर घरी बांधून गेलो आहे. व्हर्नाने तिला रविवारी तिथे घेऊन यावे. आता तिला कोणी अडवू शकत नाही.

सही: लेलँड ट्रूमन हॅगर्टी
ठिकाण: कॉटन फोर्क, पाटीच्या पलीकडे
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१८

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत लेलँड यांनी हे लिहून सही केली. पाचव्या कलमात जातीचे नाव लिहिताना ते बराच वेळ थांबले होते. कोणी जबरदस्ती केली नाही. बिस्किट त्यांच्या पायांवर झोपली होती.

साक्षीदार: डॉ. लुएला प्रिचेट, पशुवैद्य
साक्षीदार: हॉलिस बेंडर, शेजारी