स्वयंपाकघराखालचं पेव

माय,

काल तुझं पेव उघडलं. तू जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तुझ्या डोळ्यांदेखत त्याचं तोंड मी फरशीखाली बुजवलं त्याला तेरा. उघडलं ते काही हौसेनं नाही. मागच्या आठवड्यात भाऊचा फोन आला, की ओट्याजवळची फरशी तडकली आहे, तो कोपरा वीतभर खाली बसला आहे आणि मधल्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली आहे. वहिनीनं शेगडी आणि भांडीकुंडी ओसरीत आणून मांडली होती. मी जिंतूरहून एसटी पकडली, परभणीला गाडी बदलली, आणि ताडकळसला उतरून पुढची वाट भाऊच्या मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून काढली. वाटेत त्यानं विचारलं, काका, घर पडंल का? मी म्हणालो, घरं अशी पडत नसतात. मास्तरकीची सवय. विचारलं की उत्तर द्यायचं, माहीत असो वा नसो.

शाळेत पोरांना पेव म्हणजे काय हे मला आता फळ्यावर चित्र काढून सांगावं लागतं. जमिनीत पुरलेला मोठा रांजण समजा, असं म्हणतो. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं आणि पोट मात्र खोलीएवढं. आत कडबा, भुसा लावून ज्वारी भरायची, वर शिळा ठेवायची आणि शेणामातीनं लिंपून टाकायचं. पोरं विचारतात, सर, फ्रीजसारखं का? मी हो म्हणतो आणि पुढचा धडा घेतो. तुझ्या चुलीपासून चार पावलांवर ते होतं, गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खोदलेलं, हे त्यांना काय सांगणार. ही पांढरी कोरडी हाय तवर दगड, भिजली की पीठ, असं तू म्हणायचीस. म्हणून खरकट्याचा तांब्यासुद्धा तू त्या बाजूला कलंडू द्यायची नाहीस.

उन्हाळा लागला की एका सकाळी तू शिळा सरकवायचीस. आतून तो वास यायचा, जुन्या ज्वारीचा, थोडा आंबूस, थोडा गोड. पण लगेच कुणी उतरायचं नाही. आधी कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. तो जळत राहिला तर माणसानं जायचं. विझला तर कडुलिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोरीला बांधून खालीवर हालवायचा, आतली कोंडलेली हवा ढवळायची आणि पुन्हा कंदील. मी दहा वर्षांचा असेन. तू कंदिलात तेल घालायला वळलीस आणि मी तेवढ्यात पेवाच्या तोंडात पाय सोडून बसलो. तू माझा कान धरून मला वर ओढलंस आणि अशी थोबाडीत दिलीस की डोळ्यांपुढे अंधारी आली. मग माझ्यापेक्षा तूच जास्त कापत होतीस. म्हणालीस, "दिव्याला इचारल्याबिगर उतरायचं न्हाई. मानूस खोटं बोलंल, दिवा बोलत न्हाई."

दरवर्षी मी वर्गात पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घालतो. मेणबत्ती विझते, पोरं टाळ्या वाजवतात आणि मी फळ्यावर वायूचं नाव लिहितो. हा प्रयोग मी थोबाडीत खाऊन शिकलो, हे आजवर एकाही वर्गाला सांगितलेलं नाही.

पुढे शेतात सोयाबीन आलं आणि ज्वारी घरापुरती पोत्यांत मावू लागली. पेव रिकामं पडलं, तरी तू ते उघडायचीसच. लिंबाचा पाला जाळून धूर द्यायचीस, भिंती हातानं चाचपून कुठे ओल लागते का बघायचीस. मी चेष्टेनं म्हणायचो, आता काय उंदरांना भाड्यानं देणार आहेस का? तू हसायची नाहीस. रिकाम्या पेवालाही वारा लागतो, नाहीतर घराचा जीव कोंडतो, असं तुझं म्हणणं. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी शिकलेला होतो ना.

तो नळ आठव. तुझ्या डोक्यावरचा हंडा उतरवायचा हे माझ्या मनात नोकरी लागल्यापासून होतं. हापशापासून घरापर्यंत तू आयुष्यभर पाणी वाहिलंस. तुझ्या टाळूवरचे केस चुंबळीनं झिजून गेले होते. तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आलो, माळवदावर टाकी बसवली, बोअरची मोटर जोडली आणि तिथून नळी भिंतीतून आणि फरशीखालून थेट तुझ्या ओट्यापर्यंत आणली. त्यासाठी सगळ्या घराला फरशी केली. पेवाचं तोंड मधे येत होतं. तू म्हणालीस तेवढी जागा सोडा, शिळा उघडी राहू द्या. गवंडी म्हणाला, मास्तर, मधेच खड्डा चांगला दिसत नाही. मी गवंड्याचं ऐकलं. शिळेवरून नळी गेली आणि नळीवरून फरशी. तुला म्हणालो, "माय, ज्वारी न्हाई तर पेव कशाला पायजे?" तू म्हणालीस, "ज्वारीसाठी न्हाई रं. घरासाठी." त्या दिवशी तू जेवली नाहीस, अंगणात सूप घेऊन बसून राहिलीस. तूर पाखडून संपली तरी रिकामं सूप हालवत होतीस.

पण नळाला पाणी आलं तेव्हा तू सगळं विसरलीस. तोटीला हळदीकुंकू लावलंस, पहिला तांब्या तुळशीला घातलास आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून तोटी सोडून दाखवलीस. माझ्या लेकानं आनलं, असं प्रत्येकीला सांगत होतीस. मी ओसरीत बसून ऐकत होतो. माझ्या आयुष्यात मला इतकं मोठं कुणी केलं नाही, माय, आणि पुढेही कुणी करणार नाही.

पुढच्या दिवाळीत मी आलो तेव्हा वहिनीनं दारातच सांगितलं की सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय. तू दिवसभर ओट्यापाशी बसून फरशीकडे बघत होतीस. जो येईल त्याला विचारत होतीस, खाली पाणी गळायलंय, तुला ऐकू यायलंय का? भाऊ चिडलेला होता. सत्तरीचं वय, कान वाजत असतील, असं तो म्हणाला. परतायच्या दिवशी मी जेवून, हात धुऊन आत आलो. दुपारची वेळ, गल्ली सामसूम, वहिनी शेतात गेलेली, भाऊ ओसरीत बसलेला. तू माझा हात धरून मला त्या फरशीपाशी बसवलंस. "कान लावून बघ. तू तर शिकलेला हायस. लय बारीक यायलंय, पन यायलंय." मी गुडघे टेकले, आडवा झालो, गार फरशीला कान लावला. तू तोंडावर पदर धरून श्वाससुद्धा रोखून बसली होतीस. मी उठलो, गुडघे झटकले आणि म्हणालो, "काही न्हाई, माय. तुला भास व्हायलाय." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग हळूच म्हणालीस, "तू म्हनतूस म्हंजी नसंल बाबा." आणि उठून माझ्यासाठी चहा ठेवलास.

त्यानंतर तू कुणाला विचारलं नाहीस. भाऊनं परभणीला डॉक्टरला दाखवलं, त्यांनी गोळ्या दिल्या. त्या घेऊन तू दिवसाही पेंगायचीस. वहिनी सांगायची, मला ते ऐकवत नव्हतं, की तू आता आवाजावर भरवसाच ठेवत नाहीस. जी बाई ओसरीत बसून सांगायची की चुलीवरची भाकरी फुगली, उलटव गं, जिला कोणतं वासरू हंबरतंय ते न बघता कळायचं, ती सुनेला विचारू लागली, दूध उतू चाललंय का गं, मला आपलं वाटतंय. दाराची कडी वाजली तरी दोनदा विचारल्याशिवाय उठायची नाहीस. मग हळूहळू स्वयंपाकघरात जाणंच सोडलंस. ओसरीच्या खांबाला टेकून बसायचीस. कुणी हाक मारली तर आधी इकडेतिकडे बघायचीस, खरंच हाक आली का म्हणून. असं दीड वर्ष. तुझा देह तापानं गेला, पण तू त्याच्या बरीच आधी निघून गेली होतीस, आणि का, ते घरात एकाला ठाऊक होतं.

काल गवंड्यानं फरशी फोडली. दुसरा आहे, तरुण, हुशार. शिळेखालून भपकन वास आला, ज्वारीचा नव्हे, कुजलेल्या चिखलाचा. त्यानं मोबाईलची बॅटरी लावून आत डोकावलं आणि शिडी मागितली. भाऊचा मुलगा उतरायला तयारच होता. मी ओरडलो की आधी दिवा. गवंडी हसला. बॅटरी आहे की मास्तर, चांगला लख्ख उजेड पडतोय. आता त्याला काय सांगू, की बॅटरी विझत नाही, म्हणून ती काही सांगतही नाही. वहिनीनं माळ्यावरून तुझा कंदील काढून दिला. काच नव्हती, वात वाळून कडक झाली होती. तेल घालून, दोरी बांधून मी तो खाली सोडला. हातभर गेला असेल नसेल, विझला. गवंड्याचं हसू मावळलं. भाऊनं परसातल्या लिंबाच्या डहाळ्या तोडून आणल्या. त्याच्यात आणि माझ्यात या कामाबद्दल एक शब्द बोलावा लागला नाही. दोघे आळीपाळीनं भारा खालीवर करत होतो, दोन म्हातारी होत आलेली पोरं.

आत छातीभर पाणी होतं. मोटर लावून ते उपसायला दुपार झाली. उपसल्यावर दिसलं की पेवाचं पोट एका अंगानं ढासळलं आहे आणि मधली भिंत जवळजवळ अधांतरी उभी आहे. गवंडी म्हणाला, भिंत वाचणार नाही, स्वयंपाकघर उतरवून घ्या आणि पेव मुरमानं भरून टाका. मग त्यानं शिळेच्या वरची नळी दाखवली. सांधा सुटलेला होता. नळी टाकल्यावर जमीन थोडी बसली असेल, म्हणाला, पहिल्याच वर्षी सुटला असणार, आधी थेंब थेंब, मग धार. वहिनी म्हणाली, म्हणूनच टाकी भरली की रिती व्हायची, आणि मी शेजारणीवर संशय घेत होते. तेवढ्यात सगळे गप्प झाले, कारण आत आवाज आला. रिकाम्या पेवात वरून एक थेंब पडला. मग दुसरा.

भाऊ पेवाच्या काठावर मटकन बसला. "माय खरं बोलत हुती," तो म्हणाला, "आन आपुन तिला गोळ्या चारल्या." साठीचा माणूस, मुलासमोर, परक्या गवंड्यासमोर तोंडावर हात घेऊन रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "तू तर कान लावला हुतास त्या दिशी. तुला न्हाई आलं ऐकू?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याला वाटत होतं की वेळेवर कळलं असतं तर, आणि ते न कळण्यात आपण दोघे सारखेच. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "न्हाई. तवा काही नव्हतं." भाऊनं मान हलवली. त्यानं मानलं. या घरात माझा शब्द अजून चालतो.

आज सगळं सामान ओसरीत आहे आणि मी तुझ्या खांबाला टेकून वहीच्या पानांवर हे लिहितो आहे. उद्या मुरमाची ट्रॉली येणार, आधी पेव भरणार, मग भिंत उतरवणार. नळाची तोटी भाऊनं काढून माझ्या पिशवीत ठेवली, तुझ्या आठवणीची म्हणून. पितळ काळं पडलंय, पण आट्यांत कुंकू अजून अडकलेलं आहे. ही पानं कुठे पाठवायची हा प्रश्नच नाही. पोचवायचीच असती तर चार पावलांवर भाऊ बसला आहे, त्याच्या हातात द्यायची. मी देणार नाही. त्याची समजूत आहे की तुझं कुणालाच ऐकू आलं नाही, आणि त्या समजुतीवर त्याला निदान झोप लागते, असं मी स्वतःला सांगतो. खरं तर मला त्याच्या तोंडाकडे बघायचं धाडस नाही.

त्या दुपारी मी का तसं बोललो, ते मला तेव्हाही माहीत होतं. फरशी फोडावी लागली असती. गवंड्याचं ऐकलं, तुझं नाही, हे कबूल करावं लागलं असतं. गल्लीतल्या बायकांना तू दाखवलेला नळ बंद करावा लागला असता. आणि चारची गाडी होती. एवढंच. यापेक्षा मोठं कारण तेरा वर्षं शोधतो आहे, सापडत नाही.

मला ऐकू आलं होतं, माय. फरशीवरून कान उचलायच्या आधी मी सात थेंब मोजले होते.